पेनीची आई अपियाला गेली आहे

१ सप्टेंबर, सोमवार

तुमेमाताई परवा गेली. सहा महिने ऑस्ट्रेलियात, आंब्याच्या बागेत कामाला. भाऊजी मासेमारीच्या जहाजावर. तेव्हा पेनी (वय पाच) आणि लागी (वय तीन) आता माझ्याकडे. आई आहे मदतीला, पण आईची मदत म्हणजे हिरांचा खराटा.

बालशिक्षणाची पदवी मिळून आठ महिने झाले. घरातली पहिली पदवी. फोटो मधल्या खांबावर टांगला आहे. पाहुणे आले की आई आधी फोटो दाखवते, मग मला. नेमणुकीचं पत्र अजून आलेलं नाही. पण ज्ञानाने पत्राची वाट का बघावी?

निरोपाचा प्रसंग शास्त्रीय पद्धतीने हाताळला. रडारड नाही, मिठ्या नाहीत, बोटीच्या धक्क्यापर्यंत लटांबर नाही. मुलं शेजाऱ्यांची डुकराची पिल्लं बघायला गेली होती तेवढ्यात ताईला बसमध्ये बसवलं. ती सारखी मागे वळून बघत होती. तिला सांगितलं, बघू नकोस, मुलांना त्रास होतो. मुलं तिथे नव्हती, पण तत्त्व ते तत्त्व.

त्या संध्याकाळी पेनीने विचारलं, आई कुठे? सांगितलं, अपियाला गेली आहे, पांढऱ्या रविवारसाठी तुझे कपडे आणायला. हे खोटं नाही. विमान पकडायला बोटीने पलीकडच्या बेटावर जावं लागतं, आणि राजधानी अपिया त्याच बेटावर आहे. वयाला झेपेल एवढं सत्य. पोराचा चेहरा एकदम शांत झाला.

संकल्प. मुलांवर हात उगारायचा नाही. भुताची भीती घालायची नाही. मुलांशी कधीही खोटं बोलायचं नाही. आणि सर्वांत महत्त्वाचा: १२ ऑक्टोबरला, पांढऱ्या रविवारी, म्हणजे मुलांच्या सणाला, पेनी चर्चमध्ये सगळ्या गावासमोर पहिल्यांदा पाठांतर म्हणणार. चर्च ते फेसबुकवर थेट दाखवतं. ताई तिकडून बघणार. तिला शब्द दिला आहे.

३ सप्टेंबर

भावनांचा तक्ता तयार. पिवळा चेहरा आनंद, निळा दुःख, लाल राग. सकाळी मुलांनी आपापली भावना ओळखून चिकटवायची. लागीने आनंद खाल्ला. मग राग खाल्ला. दुःख तेवढं उरलं आहे.

आई म्हणाली, बाई गं, ती भुकेली असते तेव्हा ओरडते, झोप आली की रडते, यात ओळखायचं काय राहिलं? आईला पद्धत समजावून सांगितली. तिने ऐकता ऐकता सगळ्या अळकुड्या सोलून संपवल्या.

५ सप्टेंबर

पेनीने लागीच्या केसांत फणसाचा चीक लावला. पुस्तकाप्रमाणे त्याला पाच मिनिटं कोपऱ्यात उभं करायचं. अडचण: आमचं घर लंबगोल आहे. कोपरा नाही. भिंतीही नाहीत, नुसते खांब. एका खांबाशी उभं केलं, तर तो खांबाभोवती फिरायला लागला. समोरच्या, उजव्या आणि डाव्या घरांतून सल्ले आले. डाव्या घरातून टाळ्याही आल्या.

पुस्तक चौकोनी घरात राहणाऱ्याने लिहिलं असावं. बाकी पद्धत निर्दोष.

चांगली गोष्ट: पेनी तीन दिवस दुपारचं जेवण झाल्यावर बस थांबते तिथल्या दगडावर एकटाच बसतो. आज नव्वद मिनिटं बसला. रस्त्याकडे बघत. वयाच्या मानाने विलक्षण एकाग्रता. नोंद: निसर्ग-निरीक्षण. संशोधक होण्याची शक्यता.

७ सप्टेंबर, रविवार

ताईचा पहिला फोन. लागीने कोंबडीपासून चिकापर्यंत सगळं सांगितलं. पेनी पोट धरून चटयांच्या गठ्ठ्यामागे गेला. खूप दुखतंय म्हणाला. फोन संपला, पोट थांबलं.

ताई म्हणाली, नुसता आवाज तरी ऐकव गं त्याचा. मी म्हटलं, जबरदस्ती नको, तो भावनांवर प्रक्रिया करतो आहे. ताई म्हणाली, म्हणजे काय करतो आहे? सांगितलं. तिने फोन ठेवला. पटलं असावं.

९ सप्टेंबर

पाद्रीबाईंनी पाठांतरं वाटली. पेनीला हरवलेल्या मेंढराच्या चार ओळी. त्याने विचारलं, मेंढरू म्हणजे काय? गावात मेंढरं नाहीत. मी चित्र काढून दाखवलं. तो म्हणाला, हे केसाळ डुक्कर आहे. आकलन उत्तम.

ओळी मात्र म्हणत नाही. कपडे आले की म्हणेन, म्हणाला. ध्येय डोळ्यांसमोर ठेवून काम करण्याची वृत्ती. तक्त्यात नोंद केली.

१२ सप्टेंबर

या आठवड्यात ताईचे आणखी दोन फोन, दोन्ही वेळा पोटदुखी. पेनीला दवाखान्यात नेलं. सोबत माझी वही: पोटदुखीची वेळ, कालावधी, तीव्रता, तिन्ही आलेखांसह. शिवाय दुपारी भूक नाही. चार दिवस ताटातलं अर्धं लागीला देतो.

नर्सबाईंनी पोट दाबलं, जीभ बघितली, वजन केलं. एक किलो वाढलं होतं. म्हणाल्या, भूक नसलेलं पोर असं फुगतं होय? मी म्हटलं, वजनकाटा जुना दिसतो. त्यांनी हात पुढे केला. मग वही चाळून म्हणाल्या, हे काय, फक्त आईचा फोन आला की दुखतं? मग आईला घेऊन ये, गोळ्या कशाला मागतेस? तरी जंताच्या गोळ्या दिल्या, माझं मन राखायला.

आरोग्यसेवेत अजून पुष्कळ सुधारणेला वाव आहे.

१५ सप्टेंबर

फोनची भीती घालवण्याची शिडी. पहिली पायरी, फोन दुरून बघणे. दुसरी, जवळ बसणे. तिसरी, हात लावणे. चौथी, आईचा फोटो बघणे. पाचवी, बोलणे. प्रत्येक पायरीला एक चांदणी.

सकाळी पहिली पायरी पार. दहाला दुसरी. साडेदहाला पेनीने स्वतःहून तिसरीवर उडी घेतली: फोन हातात घेतला आणि डुकरांच्या डोणीत टाकला.

पुढाकार घेतल्याबद्दल एक चांदणी दिली. फोन तांदळाच्या डब्यात ठेवला आहे.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

महिला समितीत माझं भाषण. विषय: लहान मुलांची वागणूक, एक शास्त्रीय दृष्टी. बावीस बायका. पाद्रीबाई अध्यक्ष. मी म्हटलं, बोलता न येणारं मूल चावतं तेव्हा ते बोलतच असतं. चावणं ही त्याची भाषा आहे. आपण ओरडू नये, ऐकावं.

एवढ्यात लागीने पाद्रीबाईंच्या पोटरीचा चावा घेतला.

पाद्रीबाई ओरडल्या नाहीत. हे माझ्या भाषणाचं यश. पोटरी चोळत म्हणाल्या, भाषा चांगलीच स्पष्ट आहे गं पोरीची, आता जरा व्याकरण शिकव. बायका बराच वेळ हसत होत्या. वातावरण मोकळं झालं. आई मात्र घरी येईपर्यंत माझ्या चार पावलं पुढे चालत होती.

२१ सप्टेंबर, रविवार

फोन अजून तांदळात. त्यामुळे ताईचा फोन नाही. त्यामुळे पेनीचं पोट दुखलं नाही. उपचार लागू पडला.

२२ सप्टेंबर

फोन सुरू. ताईचे सतरा निरोप. शेवटचा फक्त: जिवंत आहात ना?

२४ सप्टेंबर, पहाट

दोघांनाही ताप. लागीचा कान दुखतो, पेनीच्या घशात गाठी. ओल्या फडक्याच्या घड्या, औषध, पाणी, पुन्हा औषध. पेनी औषध तोंडात धरून माझ्या अंगावर थुंकतो. तीनदा थुंकला. मी शांतपणे म्हटलं, मला तुझा राग दिसतो आहे. चौथ्यांदा थुंकला. पाचव्यांदा मी म्हटलं, गिळ, नाहीतर चिंचेच्या झाडावरची बाई येऊन पाय ओढेल.

गिळलं.

हे भूत नव्हे. हा लोकपरंपरेचा शैक्षणिक उपयोग आहे.

तापात तो एकदाच बोलला. बोट लागली का, विचारलं. लागेल, लागेल, म्हटलं. झोपला.

२५ सप्टेंबर

ताप उतरला. पेनी दुपारी लगेच दगडावर. निरीक्षणाची ओढ किती!

२८ सप्टेंबर, रविवार

आईने शिवलेला पांढरा सदरा आणि पांढरी लुंगी घालून बघायची होती. पेनीने सदरा उतरवून फेकला. पुन्हा घातला, पुन्हा फेकला. तिसऱ्यांदा चिखलात. हे ते नाहीत, हे ते नाहीत, एवढंच ओरडत होता. आईने तीन दिवस बसून शिवला होता. ती सदरा उचलून धुवायला गेली.

कापडाचा स्पर्श सहन न होणे. यावर एक पूर्ण प्रकरण आहे. आईला सांगितलं की वाईट वाटून घेऊ नकोस, दोष शिलाईचा नाही, त्याच्या त्वचेचा आहे. आई म्हणाली, त्वचेचा नाही. मग कशाचा, विचारलं तर म्हणाली, तू शिकलेली, तू सांग.

दुपारी फोन. पोटदुखी, चटयांमागे.

२ ऑक्टोबर, गुरुवार

पाऊस आला म्हणून पेनीला रस्त्यावरून आणायला गेले. दगडावर नव्हता. लुपेकाकूच्या बनच्या टपरीत बसला होता, हातात खोबऱ्याच्या दुधातला बन, बाजूला आणखी एकाचा कागद. भूक का लागत नाही आणि वजन का वाढतं, दोन्हीचा उलगडा झाला. नर्सबाईंचा काटा बरोबर असावा.

लुपेकाकूला जरा कडक शब्दांत सांगितलं, की मुलाच्या आहाराची आखणी केलेली असते. काकू म्हणाली, मग येऊ नको म्हणावं त्याला, मी थोडीच बोलावते? महिना झाला, धक्क्यावरून येणारी प्रत्येक बस बघतो. माणसं उतरतात, हा एकेकाचं तोंड बघतो, शेवटचा उतरला की माझ्याकडे येतो. तेव्हा काय हातात दगड देऊ पोराच्या?

मी विचारलं, कोणाची तोंडं बघतो?

काकूने कपाळावर हात मारला. म्हणाली, अगं, आईची. अपियाला गेली आहे ना ती, कपडे आणायला? मी विचारलं त्याला, बाबा, आईचा फोन येतो तेव्हा बोल की. तर म्हणाला, बोललं तर ती तिकडेच राहील. नाही बोललं तर तिला यावं लागेल.

मी म्हटलं, काकू, ताई ऑस्ट्रेलियात आहे हे तुम्हाला माहीत होतं, तर त्याला सांगितलं का नाही? काकू म्हणाली, शिकलेल्या घरचं काय ठरलेलं असेल ते मला काय ठाऊक? मला वाटलं, ही नवी पद्धत असेल.

पेनी ऐकत होता की नाही माहीत नाही. तो बोटं चाटत होता.

रात्री. निसर्ग-निरीक्षणाच्या नोंदी फाडल्या. एकवीस पानं. संशोधक वगैरे.

चूक माझी म्हणता येणार नाही. मी सांगितलं ते त्या क्षणी योग्य होतं. फक्त क्षण लांबला.

३ ऑक्टोबर

त्याला खरं सांगायचं ठरलं. आजच. पण आज तो खूप आनंदात होता. आनंदी मुलाला धक्का देऊ नये.

४ ऑक्टोबर

आज चिडलेला होता. चिडलेल्या मुलाला तर मुळीच नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

ताईचा फोन. पोट, चटया. ताईने विचारलं, खरं सांग फुआ, कसा आहे तो? मी म्हटलं, सत्तर टक्के प्रगती आहे. ती रडायला लागली. म्हणाली, मला टक्के नको गं, मला माझं पोर हवंय. पाच आठवडे झाले, त्याने मला हाक मारली नाही. विसरला मला. पुढच्या रविवारी चर्चमध्येही त्याने तोंड लपवलं तर मी मुकादमाला सांगून सरळ परत येते. आंबे काय, कोणीही उतरवेल.

ती परत आली तर सहा महिन्यांचं काम गेलं, आणि पुन्हा तिला कोण बोलावणार? या कामासाठी तीन वर्षं नाव नोंदवून थांबली होती. मी म्हटलं, ताई, काळजी करू नकोस, माझ्याकडे योजना आहे.

योजना करायला घेतली आहे.

८ ऑक्टोबर

योजना: बाहुल्या. कठीण सत्य मुलांना बाहुल्यांमार्फत सांगावं. करवंट्यांना चेहरे काढले. एक करवंटी आई, एक पेनी, एक कोंबडी (विनोदासाठी). सुपारीच्या झापाचं विमान.

सुरुवात छान झाली. आई-करवंटी विमानात बसली. पेनी एकदम पुढे सरकला आणि तिला विचारलं, कपडे घेतलेस का? रविवारी आणतेस ना? त्याचे डोळे असे झाले होते, की आई-करवंटी हो म्हणाली.

मी नाही म्हणाले. करवंटी म्हणाली.

आईने हे सगळं खांबाला टेकून बघितलं. म्हणाली, फुआ, पूर्वी आम्ही पोरांना खोटं सांगायचो तेव्हा निदान आमच्या तोंडाने सांगायचो.

११ ऑक्टोबर, शनिवार

पेनीने चारही ओळी म्हटल्या! न अडखळता! सकाळी तीन वेळा, दुपारी पाच वेळा, डुकरांना दोन वेळा. मेंढराच्या जागी डुक्कर म्हणतो तेवढं सोडलं तर चोख. सगळा गाव म्हणतो, पोरगं काय बदललं! स्वतः आंघोळ केली. नखं कापून घेतली. दार नसलेल्या घरात दाराशी बसावं तसा कडेला बसून आहे.

मुलं लवचीक असतात. उद्या कपडे आजीचेच आहेत हे बघून तो क्षणभर खट्टू होईल आणि पुढे जाईल. अनेक अभ्यास आहेत यावर.

आईने विचारलं, सांगितलंस ना त्याला? म्हटलं, प्रक्रिया सुरू आहे. आई इस्त्री करत होती. दुपारपासून त्याच एका सदऱ्यावर इस्त्री फिरते आहे.

अभ्यास कोणते ते आता आठवत नाहीत.

१२ ऑक्टोबर, पांढरा रविवार

सगळं क्रमाने लिहिते.

पहाटे उठले तर पेनीची चटई रिकामी. कुठे असेल हे शोधावं लागलं नाही. रविवारी बस नसते. गावातल्या कोंबड्यांनाही ते माहीत आहे. तरी दगडावर बसला होता, केस ओले करून चापून बसवलेले, कमरेला जुनं फडकं.

मी शेजारी बसले. तक्ता नव्हता, करवंटी नव्हती. म्हटलं, पेनी, आई अपियाला नाही. ती विमानात बसून खूप लांब गेली आहे, कामाला. आज येणार नाही. मी तुला खोटं सांगितलं.

तो रस्त्याकडे वळला. मग म्हणाला, करवंटीने पण? म्हटलं, करवंटीने पण. मीच होते ती.

मग त्याने माझ्या हाताचा चावा घेतला. आठ दातांच्या खुणा आहेत. व्यवस्थित ऐकलं मी. ओरडले नाही, रडले तेवढं.

माझं रडणं बघून त्याला नवल वाटलं असावं. चावलेल्या जागी फुंकर घातली. मग प्रश्न सुरू. किती लांब? समुद्र ओलांडून. तिला बोट मिळत नाही का? मिळते, पण काम संपल्यावर. मी फोनवर बोललो तर ती लवकर येणार की उशिरा? म्हटलं, तू बोललास काय, न बोललास काय, ती कामं उरकल्यावरच येणार. पण न बोललास तर तिला रडू येतं. आज तर ती चर्चच्या कॅमेऱ्यातून तुला बघणार आहे.

त्याने दोन्ही हात पोटावर ठेवले. मग म्हणाला, म्हणजे पोट उगाचच दुखवलं.

घरी येऊन आजीने शिवलेला सदरा स्वतः घातला. बटणं एक घर चुकवून. आई लावायला गेली तर म्हणाला, राहू दे, आईला दिसू दे मी लावली.

चर्च. पांढऱ्या कपड्यांतली चाळीस पोरं, पंखे, फुलं, घाम. पेनीचं नाव पुकारलं. मी बाजूच्या खांबाआड उभी, ओळी तोंडात तयार, गरज पडली तर पुटपुटायला. पेनी उठला, माईकपाशी गेला, माईक ओलांडून पुढे गेला, आणि ज्या खांबाला कॅमेरा बांधला होता त्याच्यासमोर जाऊन कॅमेऱ्याला नाक टेकवलं. मग सगळ्या गावाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला:

आई, मी पेनी. फुआमावशी म्हणाली तू अपियाला गेलीस. मी रोज बसपाशी बसलो. तू आली नाहीस. लुपेकाकूने बन दिले. फुआमावशी म्हणाली औषध गिळ नाहीतर झाडावरची बाई पाय ओढेल. फोन मी डुकरांत टाकला. मग तो तांदळात ठेवला, मग त्याच तांदळाचा भात केला. लागी पाद्रीबाईंना चावली. मी फुआमावशीला चावलो. ती रडली. ती बिस्किटं पेटीत लपवते, निळ्या कापडाखाली. आता तू काम कर. मी म्हणून दाखवतो.

आणि चार ओळी म्हटल्या. हरवलेलं डुक्कर सापडलं. पाद्रीबाबांनी मोठ्याने आमेन म्हटलं आणि मग त्यांना हसू आवरेना. पाद्रीबाईंनी पोटरीवर हात ठेवला आणि त्यासुद्धा हसल्या. चर्चमध्ये एवढा हशा मी जन्मात ऐकला नाही. लुपेकाकू मागून ओरडली, बनचं खरं आहे, बनचं खरं आहे!

मी खांबाआडच राहिले. खांब पुरेसा रुंद नव्हता.

जेवण. आजच्या दिवशी पोरं चटईवर बसतात आणि मोठ्यांनी वाढायचं. पेनीने मला चार वेळा उठवलं. डुकराचं मांस, अळकुडी, नारळाच्या दुधातली अळूची पानं, आइस्क्रीम. पाचव्यांदा म्हणाला, मावशी, बिस्किट. पेटी उघडावी लागली. सगळ्या पोरांनी बघितलं, खरंच निळं कापड होतं.

फोनवर ताईचे तेवीस निरोप. उघडले नाहीत.

१३ ऑक्टोबर, सोमवार (सुट्टी)

निरोप उघडले. पहिले दहा नुसते हसण्याचे, त्यांतले तीन तिच्या मुकादमाचे. मळ्यावरच्या सगळ्यांनी बघितलं म्हणे. अकरावा: काय गं, सत्तर टक्के? त्यापुढचे पेनीसाठी.

सकाळी तिचा फोन. पेनीने घंटा वाजायच्या आत उचलला. चाळीस मिनिटं बोलला. मी शेजारी बसून होते, वही उघडून, म्हणजे काही उपयुक्त नोंद करता यावी. पंचवीस मिनिटं माझ्याबद्दल. उरलेली डुकरांबद्दल. ताई परत येणार नाही, राहते म्हणाली. शेवटी पेनीने फोन मला दिला. ताई म्हणाली, फुआ, परत कधी मी निघाले ना, तर मला पोरांना नीट सांगू दे, आणि त्या दिवशी अपियाला तू जा.

विनोद करते आहे. म्हणजे मनःस्थिती चांगली.

दुपारी अहवाल लिहायला बसले. समितीसमोर वाचता येईल, किंवा मंत्रालयाला पाठवता येईल. शीर्षक सुचलं: विरह आणि बालमन, सहा आठवड्यांचा प्रयोग. निष्कर्ष माहीत आहे: मूल बोललं. पद्धत, या मथळ्याखाली काय लिहायचं याचा विचार करत होते. तेवढ्यात पेनी आला. विचारलं, आई कधी येणार?

शिडी, तक्ता, करवंट्या, सगळं डोळ्यांपुढून गेलं. काही सापडलं नाही. म्हटलं, फेब्रुवारीच्या शेवटी. म्हणाला, म्हणजे किती रविवार? दोघांनी बोटांवर मोजले. त्याची दहा, माझी नऊ. एकोणीस.

बरं, म्हणाला, आणि खेळायला गेला.

अर्धं मिनिट लागलं.